ताटातलं कुंकू

केम हे कुंकवाचं गाव. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, मुंबई-सोलापूर लोहमार्गावर, जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मधलं. पंढरपूरच्या दुकानांत कुंकवाच्या ज्या लालभडक राशी दिसतात, त्यांत केमचा वाटा मोठा. गावातल्या लग्नाकार्यात तर कुंकवाला तोटाच नसतो. अशाच एका लग्नात, वरात निघायच्या आधी, एका बाईने हातातलं हळदीकुंकवाचं ताट पदर सावरण्यापुरतं समोरच्या काळ्या खोक्यावर टेकवलं. खोका स्पीकरचा होता आणि मशीन चालू होतं. बेसचा ठोका पडला तसं कुंकू ताटातून उसळलं, खाली बसलं, आणि पुढच्या चार-सहा ठोक्यांत त्याचे बारीक बारीक ढीग झाले. ढीग सरकले, मोडले, दुसरीकडे जमले. मिक्सरमागे उभा असलेला साउंडवाला ते बघत राहिला. वीस वर्षं त्याने आवाज वाजवला होता, भाड्याने दिला होता. डोळ्यांनी तो पहिल्यांदाच दिसत होता.

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी याने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला आणि वाळूत उमटलेल्या आवाजाच्या आकृत्या लोकांना दाखवल्या. केमच्या त्या ताटात वाळूच्या जागी कुंकू होतं आणि गजाच्या जागी बेसचा ठोका. साउंडवाल्याने फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, खाली ओढला. नवरदेवाचा भाऊ धावत आला. "काय झालं? मशीन गेलं का?"

मशीन गेलं नव्हतं. पण आवाज किती ठेवायचा, हा प्रश्न त्या दिवशी जो त्याच्या मागे लागला तो आजवर सुटलेला नाही. आणि मागे वळून पाहिलं, तर तो प्रश्न फार आधीपासून त्याच्यासोबत चालत आलेला होता.

त्याची सुरुवात हलगीपासून. लहानपणी जत्रेच्या दिवशी हलगीवाले येत तेव्हा तो शाळा सोडून त्यांच्या शेकोटीपाशी जाऊन बसे. हलगी वाजवण्याआधी ती तापवावी लागते. उसाचं पाचट पेटवायचं, कड्याला धरून हलगी जाळावर धरायची, हळूहळू फिरवायची. गारव्याने सैल पडलेलं कातडं तापलं की ताणतं. मधूनमधून वाजवणारा नखाने टिचकी मारून बघतो. आधी नुसतं 'थप' येतं, मग 'टण'. तो 'टण' आला की हलगी लगेच जाळावरून बाजूला. आणखी तापली तर कातडं तडकणार. मग उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बांबूची बारीक लवचिक काडी, आणि पहिला ठोका. पोरगा दोन हातांवर बसलेला असे. तो ठोका त्याच्या दातांत वाजे.

"जवळ नगं बसूस, कान फुटत्याल," हलगीवाला सांगे. "येशीपाशी जाऊन ऐक. हलगी येशीपाशी ग्वाड लागती." पोरगा खरंच वेशीपर्यंत पळत गेला होता, आणि तिथे हलगी गोड लागली होती. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, हे त्याला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. हलगीवाल्याला ते पायांनी ठाऊक होतं. हलगी बनली ती मुळात लांबवर ऐकू जाण्यासाठी, दवंडीसाठी, कुस्तीच्या फडासाठी. तिचा आवाज मोठा असतोच. पण वाजवणाऱ्याचा दंड भरून येतो, कातडं गार पडतं आणि दर थोड्या वेळाने हलगी पुन्हा जाळापाशी न्यावी लागते. तेवढा वेळ गावाच्या कानांना विसावा मिळतो.

पुढे तो बँडमध्ये गेला. आधी वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरायला, मग खुळखुळा वाजवायला, मग साइड ड्रमवर. गळ्यात पट्टा, अंगात दुसऱ्याच्या मापाचा लाल कोट. बँडमास्तर क्लॅरिओनेट वाजवत. बँडची बरीच पितळी वाद्यं मेरठच्या जली कोठी भागात बनतात, हे त्यांच्याकडूनच कळलेलं; मेरठ म्हणजे काहीतरी फार थोर गाव असावं अशी त्याची समजूत झाली होती. क्लॅरिओनेट हे लाकडी, अंगाने बारीक वाद्य. समोर दोन ट्रम्पेट, एक युफोनियम, मोठा ढोल, झांजा. एवढ्या गदारोळात ते ऐकू कसं जायचं? मास्तरांनी त्याची व्यवस्था लावून ठेवली होती. गाण्याचा मुखडा सगळ्यांनी मिळून वाजवायचा. अंतरा सुरू झाला की ट्रम्पेटवाल्यांनी थांबायचं, नाहीतर ट्रम्पेटची तोंडं आभाळाकडे करायची. ट्रम्पेटचा आवाज त्याचं तोंड असेल तिकडे बाणासारखा जातो, तो माणसांवरून काढून घ्यायचा. मोठ्या ढोलाच्या पानावर दुमडलेलं उपरणं दाबायचं. आणि साइड ड्रमवाल्या पोराने पान सोडून काठावर वाजवायचं.

काठावर वाजवणं त्याला सुरुवातीला शिक्षा वाटे. बघणाऱ्या पोरींना आपण दिसतो पण ऐकू येत नाही, याचं दुःख वेगळंच. एकदा तो मुद्दाम पानावर वाजवत राहिला. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी क्लॅरिओनेट ओठांवरून खाली घेतलं आणि उभे राहिले. सगळा बँड थांबला, वरात थांबली, घोडा थांबला. भर रस्त्यात एकटा त्याचा ड्रम वाजत होता. तो आवाज त्याला आजही ऐकू येतो.

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड किंवा दरबार बँड जातो तेव्हा गाणारा कोणी नसूनही लोक गाण्याचे शब्द पुटपुटत चालतात. त्यामागे हीच व्यवस्था असते. कोण कधी गप्प बसणार हे ठरलेलं असतं, म्हणून सूर सुटा ऐकू येतो. शिवाय फुंकणाऱ्याचा दम संपतो. ओठ सुजतात. चहाला थांबावंच लागतं.

मग बेंजो आला, आणि बेंजोसोबत वीज आली.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो मूळचा जपानी. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचं, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेलं तंतुवाद्य तयार केलं. तेच भारतात बुलबुलतरंग म्हणून रुळलं, आणि पुढे त्याला पिकअप बसवून मशीनला जोडलं तेव्हा बेंजो पार्टीतलं मुख्य वाद्य झालं. वायर काढून वाजवला तर तो एका खोलीपुरता ऐकू येतो, तोही खिडक्या लावून. म्हणजे या वाद्याचा आवाज आता वाजवणाऱ्याच्या हातात उरलेलाच नाही. दम किती आहे हे विचारणं संपलं, मशीन किती वॅटचं आहे हे विचारणं सुरू झालं.

तो आता कॅसिओ वाजवू लागला होता. टेम्पोच्या हौद्यात बेंजो, कॅसिओ, पॅड, मागे ताशे आणि ढोल. आवाज चढत जाण्याचा प्रकार त्याने इथे रोज पाहिला, आणि त्यात कोणाचीच लबाडी नव्हती हे नीट सांगायला हवं. ताशावाला रंगात येऊन जोर लावी. बेंजोवाल्याला स्वतःचा बेंजो ऐकू येईना, म्हणून तो बटण पिळी. मग कॅसिओ दबे, म्हणून कॅसिओ वर. गाणाऱ्याला स्वतःचा गळा ऐकू येईना, तो ओरडू लागे. त्याचा माइक वाढवला की माइक शिट्टी मारी. शिट्टीने दचकलेला ताशावाला आणखी जोरात. अर्ध्या तासात सगळी बटणं शेवटाला टेकलेली आणि प्रत्येकाची तक्रार एकच, "माझंच ऐकू येईना." गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवलं, त्याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. मंडईतली भाजीवाली हेच करते, टेम्पोतला बेंजोवालाही. मोठमोठेही यातून सुटलेले नाहीत. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून अधिक श्रोत्यांसमोर बीटल्स वाजवायला उभे राहिले. शंभर वॅटचे खास ॲम्प्लिफायर आणले होते, तरी पोरींच्या किंकाळ्यांत त्यांना आपलंच वादन धड ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी दौरे करणं सोडून दिलं.

बटणं संपली की मशीन बदलायचं. इथे डेसिबलचं गणित आडवं येतं. डेसिबल हे माप सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढवायचे तर दसपट ताकद लागते, आणि कानाला मात्र आवाज जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो. शंभर वॅटच्या दुप्पट मोठं वाजायला हजार वॅट, त्याच्या दुप्पट व्हायला दहा हजार. म्हणून टेम्पोचा ट्रक झाला, दोन खोक्यांची भिंत झाली, जनरेटर आला, कर्ज आलं. त्यानेही कर्ज काढून भिंत उभी केली. गावोगाव त्या भिंतीला डॉल्बी म्हणतात. खरं तर रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला प्रयोगशाळा काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी, आणि त्यांच्या कंपनीचा या भिंतींशी काही संबंध नाही. नको असलेला आवाज काढून टाकण्यात ज्याने हयात घालवली, त्याचं नाव आपल्याकडे असं चिकटावं याचं साउंडवाल्याला फार वाईट वाटतं. हे कळल्यापासून तो आपल्या खोक्यांना डॉल्बी म्हणत नाही.

२०१६ साली तर त्याच्या भिंतीवर दुसरं काही वाजतच नव्हतं. 'सैराट' हा चित्रपट शेजारच्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा, बराचसा करमाळा तालुक्यातच चित्रित झालेला. वरातीत 'झिंगाट' चारदा वाजल्याशिवाय नवरदेव पुढे सरकत नसे. त्या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. एके रात्री घरी त्याने त्यातली गाणी हेडफोनवर हळू आवाजात ऐकली आणि चकित झाला. व्हायोलिनांचे ताफे, त्यांच्याखाली सरकणारे जाड खर्ज, मधेच एकट्या बासरीसारखं काही. आपल्या भिंतीतून तो इतके दिवस लोकांना फक्त ठोका विकत होता. आणि या चित्रपटाचा शेवट? सगळा महाराष्ट्र ज्याच्या गाण्यांवर नाचला, तो चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावरून आवाज पूर्ण काढून घेतलेला असतो. भरलेल्या थिएटरात इतकी शांतता त्याने कधी अनुभवली नव्हती.

त्याच सुमारास कानात रातकिडा बसला. मध्यरात्री वरातीवरून घरी आल्यावर कान वाजायचे, ते सकाळपर्यंत थांबायचे. आता थांबेनात. बायको म्हणाली, "साखर संपलीय," आणि त्याला ऐकू आलं, "आखर संपलीय." सोलापूरला जाऊन कान तपासले. आलेखावर चार हजार हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात उतरलेली होती. मोठ्या आवाजाने जाणारा कान बहुधा तिथूनच जायला लागतो, आणि स, श, फ ही अक्षरं आधी पुसट होतात. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसासारख्या पेशी पंधरा-सोळा हजार असतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलपाशी आठ तास काढता येतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, असा एक रूढ हिशेब आहे. त्या हिशेबाने शंभर डेसिबलपाशी पंधरा मिनिटं. तो शंभराच्या वरच्या भिंतीसमोर रोज तीन तास उभा राहत होता, कापूससुद्धा न घालता. शिवाय थकलेल्या कानाला आवाज कमी भासतो, म्हणून रात्र चढेल तसा तो फेडर चढवत गेला होता. पुढ्यात नाचणाऱ्या पोरांच्या कानांचा हिशेब त्याने तेव्हा मांडला नाही. आज मांडतो, आणि त्याला झोप लागत नाही.

कायदा होताच. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. विसर्जनात डीजे-डॉल्बीला मोकळीक द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नकार दिला. दहाच्या नियमाची झळ रात्रभर चालणाऱ्या तमाशाच्या फडांना बसली, पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही बसली. पहाटेचे राग ऐकायची रसिकांची सवय त्यात गेली. ती हळहळ खरी आहे. पण हे दार लावायची वेळ भिंतींनी आणली, तंबोऱ्यांनी नाही, असं त्याचं ठाम मत आहे.

कानाच्या त्या आलेखानंतरच्या आषाढात तो माळशिरसला पालखीच्या तळावर गेला. नवस नव्हता, एक नातेवाईक दिंडीत होते, त्यांना भेटायला. संध्याकाळी ज्ञानोबांची पालखी तळावर आली. भोवती दिंड्या उभ्या राहिल्या. हजारो टाळ, शेकडो मृदंग, एकही वायर नाही. असा गजर की जमीन हलते. त्याच्या धंद्यातल्या कानाने आपोआप मोजदाद सुरू केली, आता हे थांबवणार कोण, कुठल्या बटणाने? तेवढ्यात चोपदाराने हातातला चोप उंच धरला.

सगळे टाळ एका क्षणात थांबले. तळावर चुलीतल्या लाकडाचा तडतडाट ऐकू येऊ लागला. आणि त्या शांततेत लांब कुठेतरी एकाच दिंडीचे टाळ वाजत राहिले. त्याला वाटलं, यांना चोप दिसला नाही. नातेवाइकांनी समजावलं की ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ थांबवत नाही. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, मगच टाळ थांबतात आणि पुढची आरती होते. एवढ्या लाखाच्या समाजात ज्याला काही सांगायचंय त्याचं ऐकू यावं, म्हणून बाकीचे सगळे गप्प उभे राहतात. तो तिथे उभा होता आणि त्याला रस्त्यात थांबलेले बँडमास्तर आठवत होते.

भिंत त्याने विकली. कर्ज फिटलं नाही, पण निम्मं उतरलं. चार लहान खोके, एक मिक्सर आणि वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून दोन मॉनिटर ठेवले. आता तो बँडसाठी, ऑर्केस्ट्रासाठी, भजनासाठी साउंड करतो, आणि त्याची पद्धत नवख्या पोरांना विचित्र वाटते. वादक आले की तो मशीन चालूच करत नाही. आधी मांडवात तसंच वाजवा म्हणतो. गाणाऱ्याचा गळा ज्या ठोक्याखाली बुडतो, तो ठोका तिथेच हलका करायला लावतो. ढोलाच्या पानावर उपरणं येतं. मग एकट्या गाणाऱ्याचा माइक उघडतो. तो शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ गेला की बाकीची वाद्यं एकेक करून त्याच्याखाली ठेवतो. बेंजोवाल्याचा खोका जमिनीवर असला तर सगळा आवाज त्याच्या पोटरीला लागतो आणि कान कोरडे राहतात, म्हणून खोका खुर्चीवर, तोंड त्याच्या कानाकडे. एवढ्याने त्याचा हात बटणावरून निघतो. कॅसिओवाल्याला तो डाव्या हाताचा खर्ज सोडायला सांगतो, तिथे आधीच ढोल आहे. मॉनिटर माइकच्या पाठीमागे, कारण गाण्याचा माइक पाठीकडून कमी ऐकतो आणि शिट्टी टळते.

हळू आवाजात मजा येत नाही, अशी तक्रार येतेच. तिच्यातही तथ्य आहे. आवाज उतरला की कानाला खर्ज आधी कमी वाटतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलंय. म्हणून तो एकूण आवाज खाली ठेवून खर्ज किंचित उचलतो. आणि दोन मनोरे स्टेजपाशी रचण्याऐवजी चार खोके मांडवभर विखुरतो, पूर्वी जत्रेत खांबाखांबाला भोंगे बांधत तसे. स्टेजपासून पाच मीटरवर शंभर डेसिबल ठेवले तर मोकळ्या जागेत चाळीस मीटरवर ब्याऐंशी उरतात. पुढच्यांचे कान जातात आणि मागचे म्हणतात, वाढव. लहान खोके जवळ असले की दोघांनाही बसून बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी शंभर डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे. त्याला तीही जास्तच वाटते.

बार्शीचे शाहीर अमर शेख यांच्या पहाडी आवाजाच्या आठवणी म्हातारी माणसं अजून काढतात. बालगंधर्वांच्या काळी नाटकं माइकशिवाय होत. तरी नटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, त्याचं निम्मं श्रेय श्वास धरून बसलेल्या श्रोत्यांचं होतं असं त्याला वाटतं. हल्लीच्या वरातीतल्या पोरांनी तसं बसावं ही अपेक्षा तो करत नाही. त्यांना नाचायचंय, आणि नाचायला ठोका हवा. तो देतो. बरीच गिऱ्हाइकं तरीही भिंतवाल्याकडे जातात. काही परत येतात, बहुतेक घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असलेली.

गेल्या उन्हाळ्यात केममध्येच लग्न होतं. मांडव रुळांपासून लांब नव्हता. क्लॅरिओनेटवर बँडमास्तरांचा मुलगा. मालगाडी आली तशी सगळ्यांनी वाद्यं थांबवली, डबे जाऊ दिले, मग अंतरा उचलला. त्याने शेजारच्या बाईकडून हळदीकुंकवाचं ताट मागून घेतलं आणि आपल्या हाताने खोक्यावर ठेवलं. ढोल वाजत होता, पोरं नाचत होती. कुंकू थरथरत होतं, पण जागचं हललं नाही. त्याचा हाताखालचा पोरगा फेडरवर बोट ठेवून विचारत होता, "थोडं वाढवू का?"

बाई ताट न्यायला आल्या. ताट ठेवताना खोक्यावर थोडं कुंकू सांडलेलं होतं. ते त्यांनी बोटाने टिपलं आणि जाता जाता त्या काळ्या खोक्यालाच लावलं.